काव्याचं हँडल

३ फेब्रुवारी, सोमवार. रक्तदाब १३८/८८

डॉक्टरांनी रोजचा रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलाय. कुकरवाल्या कंपनीची ही डायरी दुकानात पडूनच होती, तीच घेतली. पण दोन आकडे लिहून अख्खं पान कोरं सोडायचं माझ्या जिवावर येतं. तेव्हा लिहू या थोडं. मी नरसिंगराव, चिकपेटच्या मागच्या गल्लीतला भांडीवाला. खाली दुकान, वर घर. घरात मी, सुनंदा आणि आमची एकुलती एक काव्या. ती हेब्बाळला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे.

आजची बातमी म्हणजे काव्याच्या सायकलचं हँडल वाकलं. तळ्याच्या फाटकाला धडकली म्हणाली. तिला काही लागलं नाही, नुसता खांदा चोळत होती. दर शनिवारी-रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ती तळ्याकाठी सायकल फिरवते. चांगला व्यायाम आहे.

तिचा वाढदिवस सोळाला. दरवर्षी काय द्यायचं म्हणून डोकं खाजवतो. या वर्षी डोकं खाजवायच्या आत उत्तर मिळालं. हँडल! चांगलं, मजबूत, जन्मभर टिकणारं. कुणाला सांगणार नाही. सुनंदाला सांगितलं.

५ फेब्रुवारी, बुधवार. १३६/८६

आज एक बाई पातेलं घ्यायला आल्या. मी नेहमीप्रमाणे आधी विचारलं, "किती पानांचा स्वयंपाक, अक्का?" त्या म्हणाल्या, चार. आणि बोट दाखवत होत्या चाळीस पानांच्या पातेल्याकडे! माझ्या वडिलांची शिकवण आहे, गिऱ्हाइकाला वस्तू दाखवायच्या आधी कामाचं विचारायचं. भात कशावर शिजवणार, गॅस की चूल, रोज की सणाला. मग पत्रा किती जाड हवा ते आपोआप ठरतं.

दुपारी फळ्यांवर लावायच्या पट्ट्या केल्या. ॲल्युमिनियमची लांब पट्टी, तिच्यावर टोच्यानं चरा पाडायचा, दोनदा मागे-पुढे वाकवायची, टक्क. कात्री लागतच नाही. मग त्यांच्यावर 'कुकर', 'डबे', 'समया' अशी अक्षरं घातली. नाव घालण्यात या गल्लीत माझा हात कुणी धरत नाही, हे मी स्वतः सांगायला नको, पण डायरीला सांगायला काय हरकत आहे? माझ्या हातचं नाव घातलेली एक परात होसूरच्या लग्नात हरवली होती, ती अकरा वर्षांनी परत आली. नाव असलं की भांडं घरी येतं.

८ फेब्रुवारी, शनिवार. १४०/८८

हँडल घ्यायचं तर आधी काम विचारायला हवं. पण काव्याला विचारलं तर गंमतच जाईल. तेव्हा मी तपास करतोय. मजा येतेय!

तपासात मिळालेल्या गोष्टी अशा. एक, तिच्या बुटांना लाल माती असते. तळ्याकाठी काम चाललं असणार, पालिका सारखी काही ना काही खणत असते. दोन, तिच्या बॅगेत गुडघ्या-कोपरांना बांधायचे जाड पट्टे आहेत. हल्लीची मुलं दिवसभर खुर्चीत बसून सांधे दुखवून घेतात. तीन, तिचं हेल्मेट हनुवटीपर्यंत तोंड झाकणारं आहे. या शहरातली धूळ पाहता हे फारच शहाणपणाचं.

सुनंदाला हे सगळं सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "स्वल्प मजबूतच घ्या." मग चिरलेलीच भाजी पुन्हा चिरायला लागली.

काव्याचं मनगट सहा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना मोडलं होतं, सायकलवरून पडून. तेव्हा मी रागानं तिची सायकल मोडीत घातली, जुन्या तांब्याच्या ढिगाबरोबर. ते आता सगळे विसरून गेलेत. नोकरी लागल्यावर तिनं स्वतःच नवी घेतली आणि मी एक शब्द बोललो नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार. रक्तदाब पाहिला नाही

दुकान सुनंदावर सोपवून हेब्बाळला गेलो. काव्या सायकल दुरुस्तीला ज्याच्याकडे नेते त्या भीमसेनचं दुकान शोधून काढलं. माणूस निपाणीकडचा, मराठी बोलतो म्हटल्यावर मला घरीच आल्यासारखं झालं. आणि त्यानं मला पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"कशाला पायजे मामा? कुठं चालवत्यात?"

मी जागच्या जागी खूश. माझ्याच धंद्यातला माणूस!

त्यानं नीट समजावलं. हँडलच्या पाच पायऱ्या असतात. पहिली डांबरी रस्त्याची. दुसरी कच्च्या रस्त्याची. तिसरी खडबडीत पायवाटेची. चौथी उड्यांची. पाचवी म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली यायचं, धोंड्यांवरून, उंच उड्या मारत. "दोनच्या कामाला पाच लावलं तर नुसतं जड जातंय. पाचच्या कामाला दोन लावलं तर माणूस जातंय," म्हणाला.

मी म्हटलं, तळ्याकाठचं काम आहे, दुसरी पायरी पुरे. त्यानं विचारलं, कुणासाठी. मी सांगितलं, माझी मुलगी, काव्या. भीमसेननं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काव्याअक्काचे वडील व्हय तुम्ही?" आणि आत जाऊन पाचव्या पायरीचं घेऊन आला. "ह्येच न्या मामा. माझं ऐका."

मी म्हटलं, तळ्याला एवढं कशाला? तो म्हणाला, "तळं लई खोल हाय मामा." फार विनोदी माणूस. मी वाजवून पाहिलं. ॲल्युमिनियम, पण काय आवाज! रुंदी माझ्या तीन वितींहून जास्त, मधे जाड, टोकांकडे बारीक होत गेलेलं, काळं, मऊ चकाकीचं. घेतलं! जुनं वाकल्यावर त्यानं काव्याच्या सायकलला बसवून दिलेलं तात्पुरतं हँडल नंतर आणून द्यायचं ठरलं.

घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "पाच? बरं केलंत." आणि देवापाशी दिवा लावला. हँडलसाठी दिवा! मी हसलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. १४२/९०

नाव घातलं.

दुकान उघडायच्या आधी बसलो. मशीनची सुई नवी लावली. मधोमध, जिथे सायकलची पकड येते तिच्या लगेच उजवीकडे, 'काव्या'. डावीकडे वेलबुट्टी, पाच पानं आणि एक कळी. असलं काम मी फक्त चांदीच्या ताटांवर करतो. ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे सुई लोण्यात जावी तशी गेली. काळा रंग निघून खालची चांदीसारखी रेघ उघडी पडली आणि अक्षरं अशी काही उठली की मीच बघत राहिलो. पन्नास वर्षांत जाणार नाही इतकं खोल घातलंय.

माझी पोरगी या शहराच्या गर्दीत सायकल घेऊन जाते. आता तिच्या हातात तिचं नाव असेल. मला फार म्हणजे फारच आनंद झालाय.

१६ फेब्रुवारी, रविवार. १३४/८४

वाढदिवस! काव्यानं कागद काढला, हँडल पाहिलं आणि किंचाळली. "अप्पा! हे कुठून? हे तर पाचचं आहे!" तिला पायऱ्या माहीत आहेत म्हणजे, हुशार आहे. मग तिनं ते फिरवलं आणि नाव दिसलं.

ती उजेडाकडे सरकली. अंगठा नावावरून फिरवला, मग नखानं. "मशीननं घातलंत का, अप्पा? खोल आहे?"

"पन्नास वर्षांची गॅरंटी," मी म्हटलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मिठी मारून म्हणाली, "फार सुंदर आहे." सुनंदानं विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, "काही नाही आई, सरी आहे सगळं." पोरीला इतकं रडू येईल असं मला वाटलं नव्हतं. मीही थोडा रडलो. पायसम दोनदा घेतलं, म्हणून आकडा चांगला आलाय की काय कोण जाणे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. १४६/९२

पाच दिवस झाले, हँडल तिच्या पलंगावरच्या खिळ्याला टांगलेलं आहे. सायकलला अजून ते भीमसेनचं तात्पुरतंच. विचारलं तर म्हणते, "मला ते जपून ठेवायचंय, अप्पा."

जपून? मी काय शोभेची वस्तू आणली? आमच्याकडे लोक उत्तम पितळी भांडी घेतात आणि माळ्यावर टाकून प्लास्टिकमध्ये खातात, तसलं झालं हे. तिला माझी अक्षरं जुनाट वाटली असतील. मैत्रिणी हसतील म्हणून लाज वाटत असेल. हे लिहितानासुद्धा वाईट वाटतंय. सुनंदा म्हणते, तिला काहीतरी सांगायचं असेल, तुम्ही ऐकायला बसा. मी बसलो होतो. ती ऑफिसातल्या कॉफी मशीनबद्दल बोलली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. १३८/८६

मी मार्ग काढला! परवा सकाळी काव्या, तिची मैत्रीण अंजली आणि आणखी काही जणी आनेकलच्या पुढे कुणाच्या तरी शेतावर दोन दिवस जाणार आहेत, सायकली घेऊन. तोपर्यंत मीच नवं हँडल बसवून टाकणार.

आज ती ऑफिसात असताना बसवलंसुद्धा. चाळीस वर्षं कुकरचे स्क्रू घट्ट केलेत, चार स्क्रूंचं काय एवढं? ब्रेकच्या तारा जशाच्या तशा लावल्या, दोनदा दाबून पाहिल्या. नाव बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येईल असं बसवलंय. मग सगळं जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधलं, अंजलीच्या जीपवर घासून त्याला ओरखडे पडू नयेत म्हणून. खिळ्यावर मी तात्पुरतं हँडल टांगून त्यावर तिची ओढणी टाकली. तिथे गेल्यावर चादर सोडेल तेव्हा कशी उडेल!

१ मार्च, शनिवार, सकाळी सात. १३०/८२

गेल्या. अंजलीच्या जीपवर मी स्वतः सायकल चढवली. काव्या म्हणाली, "बांधून कशाला ठेवलीत?" म्हटलं, तिथे पोचल्यावर सोड. सुनंदानं शाळेपासूनच्या नाव घातलेल्या डब्यात चित्रान्न दिलं. इतका छान आकडा महिनाभरात आला नव्हता. दुपारी तात्पुरतं हँडल परत द्यायला भीमसेनकडे जातो आणि नवं बसवल्याचा फोटो दाखवतो.

२ मार्च, रविवार, सकाळी. आनेकलच्या पुढे, टेकडीखाली. यंत्र घरी राहिलंय

कालचं सगळं लिहायला हवं.

भीमसेननं फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "मामा, ह्ये कुणी केलंय?"

मी म्हटलं, "मी! कसं आहे?"

"मामा, ह्याला चरा पडला की हांडल बाद. लोखंड वाकून सांगतंय, ह्ये न सांगता मोडतंय. आन् तुम्ही चरा पाडलाय तो बरोब्बर पकडीच्या शेजारी. सगळा जोर तिथंच येतोय."

मला माझीच पट्टी दिसत होती. चरा पाडायचा, दोनदा वाकवायची, टक्क. महिन्याला पन्नास पट्ट्या मी अशा मोडतो. माझ्याएवढं हे दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

कसाबसा म्हणालो, "पण तळ्याकाठी हळूच तर..."

भीमसेन खाली बघून म्हणाला, "तळं न्हवं, मामा. उद्या डोंगराची शर्यत हाय. अक्का दोन वर्षं झाली उड्या मारत्यात. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

काव्याला फोन लागेना. अंजलीचाही लागेना. मी सुनंदाला फोन केला. वाटलं, तिला आता हे कसं सांगायचं? ती म्हणाली, "दुकान बंद करते. आनेकलच्या बसस्टँडवर थांबा, पुढचा रस्ता मला माहीत आहे." दोनदा येऊन गेलीय ती! माझी बायको, जी मला माझ्या चष्म्याची जागासुद्धा सांगत नाही, ती दोन वर्षं हे पोटात ठेवून होती. भीमसेननं तसलंच दुसरं हँडल घेतलं, कोरं, आणि आम्ही त्याच्या गाडीतून निघालो. वाटेत मी काव्याचा नंबर लावत राहिलो. आनेकलला सुनंदा चढली आणि माझा हात धरून बसली.

टेकडीपाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. सराव चालला होता. एक मुलगी वरच्या खडकांतून आली, माझ्या छातीएवढ्या कड्यावरून सायकलसकट हवेत गेली आणि खाली आपटली. दोन्ही हातांचा, अख्ख्या अंगाचा भार हँडलवर. ती तशीच पुढे निघून गेली. हे काम! या कामासाठी मी ते हँडल आणलं होतं आणि मला माहीत नव्हतं.

काव्या वर रांगेत होती, पुढे फक्त दोघी. मी चढलो. एकसष्टाव्या वर्षी, चपला हातात घेऊन, तिच्या नावानं ओरडत. लोक वळून बघत होते. एक पोरगा "स्वल्प निधान, अंकल," जरा सावकाश, म्हणत हात द्यायला आला. काव्यानं मला पाहिलं आणि सायकल आडवी टाकून खाली धावत आली. तिला वाटलं, मला काहीतरी झालंय.

"ते हँडल काढ," मी म्हटलं. श्वास पुरेना. "काढ ते. मी मोडून ठेवलंय."

तिला माहीत होतं. अर्थातच माहीत होतं, वाढदिवसापासून. इथे चादर सोडल्यावर तिनं डोक्याला हात लावला, दुसरं हँडल नव्हतं, शर्यत सोडायची नव्हती. मग हळूहळू एक फेरी करून पाहिली, आणि आता दुसरीला उभी होती.

"मग वाढदिवसालाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या प्रेमानं नाव घातलं होतंत, अप्पा. आणि ते सांगायचं म्हणजे उड्या मारते हेही सांगावं लागलं असतं. मग तुम्ही ही सायकलपण मोडीत घातली असती."

म्हणजे कुणीही काही विसरलं नव्हतं. मला फार लाज वाटली. तिथेच, सगळ्यांसमोर, मी तिला म्हटलं की चुकलो, तेव्हाही आणि आताही. ती रडली, मीही रडलो. सुनंदा खालून ओरडत होती, "अहो, काय झालं? कुणी सांगेल का?"

भीमसेननं तिथेच खडकावर बसून हँडल बदललं. मी बाजूला बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीला विचारलं, कुठून उतरतेस? किती उंच? पडलीस तर कशावर पडतेस? तिनं सगळं सांगितलं. कुठे ब्रेक सोडायचे, कुठे अंग मागे न्यायचं, हातांनी हवेत रेघा काढत. मागच्या वर्षी एकदा खांदा निखळला होता तेही सांगितलं. इतकं ती माझ्याशी शाळा सुटल्यापासून बोलली नव्हती. मला भीती वाटत होती आणि ऐकतच राहावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

शेवटी तिनं विचारलं, "उद्या चालवू का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मग ती पुन्हा तळ्याकाठी जायला लागली असती. मी म्हटलं, "किती वाजता आहे?"

त्याच दिवशी, दुपारी

सहावी आली! नऊ जणींत सहावी! कड्यावरून आली तेव्हा मी डोळे मिटणार होतो, मिटले नाहीत. सायकल हवेत, काव्या हवेत, आणि मग चाकं जमिनीवर, धप्, आणि ती सरळ! मी इतका ओरडलो की माईकवाल्यानं कन्नडमध्ये विचारलं, हे गृहस्थ कोण? सुनंदानं सांगितलं, "अवळ तंदे." तिचा बाप. साऱ्या टेकडीवर माईकमधून सांगितलं त्यानं! अंजलीनं मला गूळ-शेंगदाणे दिले, ते मी वाटून टाकले, ज्यांना ओळखत नाही त्यांनापण. घसा पार बसलाय.

४ मार्च, मंगळवार. १४०/८८

भीमसेननं सांगितलं होतं की बाद झालेलं हँडल नुसतं टाकायचं नाही, कापून टाकायचं, नाहीतर कुणीतरी उचलून बसवतं. आज दुकानात शिकंज्यात धरून मीच करवत चालवली. भिंग लावून आधी नाव तपासलं. भेग कुठे दिसली नाही. बरोबर तिथूनच कापलं. वाईट वाटलं, अक्षर खरंच छान आलं होतं. तुकडे मोडीत घातले.

काव्या मागे उभी होती. "वेलबुट्टीचा तुकडा मला द्या," म्हणाली. तेवढा दिला. आता खिळ्याला तो टांगलाय.

९ मार्च, रविवार. १३२/८४

काव्या पहाटे साडेपाचला सरावाला गेली. जायच्या आधी माझ्या खाटेशी येऊन सांगून गेली. आनेकलचीच टेकडी, शर्यतीतल्यापेक्षा छोटी उडी, बरोबर अंजली, साडेदहापर्यंत परत. मी म्हटलं, सरी.

काल दुकानातला एक नवा डबा काढून त्याच्यावर नाव घालून ठेवलं होतं. या वेळी तिचं नाही, माझं. भांड्यावर मालकाचं नाव घालतात, ते मालकाकडे परत यावं म्हणून. सुनंदानं त्यात पोळी-चटणी भरून दिली. काव्यानं झाकणावरचं 'नरसिंगराव' वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबा पाठीवरच्या पिशवीत घातला.

मग मी दुकान उघडलं. आठ वाजले, नऊ वाजले. एका गिऱ्हाइकाला पातेल्याऐवजी परात दिली. दहाला सुनंदानं चहा आणला, तो तसाच निवला. दहा वाजून चाळीस मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. काव्या लाल मातीनं माखलेली, कोपर खरचटलेलं, तोंडभर हसू. सायकल भिंतीला टेकवली आणि डबा आणून काउंटरवर ठेवला.

डबा रिकामा होता, चटणीचे डाग तसेच. सुनंदा घासायला न्यायला आली. मी दिला नाही, मीच घासला.